खेळण्यांचा दवाखाना : उलटी जाणारी जीप, तापलेली मोटर आणि सेलमधली पांढरी पावडर

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मोटरवालं खेळणं बंद पडलं की लगेच टाकून देऊ नका, मुलांच्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर द्या आणि काय होतं ते बघा. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली निम्मी "बघितलं काय झालं ते, आता तुम्हीच निस्तरा" अशा सुरात. ठीक आहे, निस्तरू. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, ज्यात इतरांच्याही कामाचं काही आहे अशी पत्रं घेतलीत आणि लांबलचक होती ती थोडी कापलीत, राग नसावा.

ताई, तुमचं ऐकून आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी वायरच्या रिमोटवाली जीप उघडली. दोन दिवस टेबलावर पसारा, शेवटी जोडली तर दोन स्क्रू उरलेत आणि पुढे जायचं बटण दाबलं की जीप मागे जाते. हा म्हणतो दुरुस्त झाली. याचे बाबा म्हणतात मोडायला काही अक्कल लागत नाही. यात विज्ञान नेमकं कुठे आहे? – एक वैतागलेली आई

अहो, त्या मागे जाण्यातच आहे की! तुमच्या घरात आत्ता एकदम फर्स्ट क्लास प्रयोग टेबलावर पडलाय आणि तुम्ही वैतागताय.

जीप उलटी का जाते याची साधारण तीन कारणं असू शकतात. एक, मोटरच्या दोन वायरी उघडताना सुटल्या आणि जोडताना अदलाबदल झाली. या छोट्या मोटरीत करंट उलटा गेला की ती उलटी फिरते. दोन, सगळेच्या सगळे सेल उलटे बसलेत, परिणाम तोच. आणि तीन, हे कुणाच्या लक्षातच येत नाही, मागच्या चाकांचा आस डावा-उजवा उलटा बसलाय. बऱ्याच गाड्यांत आसावर ताटलीसारखं एक दात्यांचं चाक असतं आणि मोटरचं बारकं गिअर त्याच्या एका बाजूला लागतं, आस फिरवून बसवला की ते दुसऱ्या बाजूला लागतं आणि मोटर बरोबर फिरत असूनही जीप मात्र उलटी.

आता हे तिन्ही त्याला सांगू नका प्लीज. "का रे मागे जातेय, तुला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, गप्प बसणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग आहे, मला अजूनही जमत नाही. तो एखादा अंदाज सांगेल, मग "बघ करून". अट फक्त एक घाला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्या भाच्यानं अशाच एका गाडीत उत्साहाच्या भरात वायरीही बदलल्या आणि सेलही उलटे केले, म्हणजे उलट्याचं उलट झालं, गाडी आपली मागेच. तो ठामपणे म्हणाला, "बघ, वायरींचा काही संबंधच नाही!" अर्धा तास तो बिचारा गिअरवर संशय घेत बसला होता. मी काही बोलले नाही. शेवटी त्यानेच वैतागून सेल सरळ केले आणि गाडी पुढे गेली, तेव्हा त्याचा जो चेहरा झाला तो बघण्यासारखा होता. तेव्हापासून दुसरी वस्तू बदलायच्या आधी पहिली जागेवर ठेवतो, न सांगता.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही हां. नुसतं उघडून टाकणं म्हणजे पसाराच. त्यासाठी पुढच्या वेळी एक मोठा कागद घ्या, त्यावर खेळण्याची आउटलाइन काढायला सांगा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे चिकटपट्टीनं चिकटवायचा. स्क्रू सगळे सारखे दिसतात पण नसतात, एखादा लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतली वायर भोसकतो, हे मी स्वतः केलेलं आहे. आणि वायर सोडवण्याआधी फोटो काढायचा. परत बसवताना स्क्रू आधी हलक्या हातानं उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात बसला की बारीक टक् असं लागतं, मग सरळ आवळायचा, नाहीतर प्लॅस्टिकमध्ये नवीन आटे पडतात आणि दोन-चार वेळा उघडझाक झाली की स्क्रू नुसताच गोल फिरत राहतो. ते दोन उरलेले स्क्रू कुठले, हा प्रश्न मात्र त्यालाच सोडवू दे.

मावशी, मी सातवीत आहे. माझी गाडी नवीन सेल टाकले तरी चालत नाही. स्विच लावला की एक झटका देते आणि गप्प. आवाज पण नाही. पण मोटर इतकी तापली की हात लावता येईना. मोटर जळली का? नवीन घेऊ का?

आधी स्विच बंद कर, माझं उत्तर छापून येईपर्यंत चालू ठेवला नसशील अशी आशा आहे. आणि नवीन मोटर लगेच घेऊ नकोस, ही बहुतेक जिवंत आहे. मेलेली मोटर, म्हणजे जिच्या आतली तार तुटलीय ती, तापत नाही, कारण तिच्यातून करंटच जात नाही. तुझी तापतेय म्हणजे करंट जातोय, आणि चांगलाच जातोय.

तू लिहिलंस की आवाज नाही, हे फार छान टिपलंस. मोटर जोरात सुंऽऽ करत असती आणि चाकं गप्प असती तर मी म्हटलं असतं की मोटर मोकळी फिरतेय आणि तिच्या दांडीवरचं बारकं गिअर चिरून घसरतंय, हा फार कॉमन बिघाड आहे, गिअर नुसतं दाबून बसवलेलं असतं आणि कालांतरानं त्याला उभी चीर जाते. पण तुझी गप्प आणि गरम आहे, म्हणजे ती अडकलीय.

अडकली की तापते का, हे नीट समजून घे कारण मजा इथेच आहे. मोटरीतलं कॉइल चुंबकाच्या मधे फिरायला लागलं की ते स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करतं, आणि ते सेलच्या विरुद्ध दिशेनं असतं. म्हणजे मोटर फिरता फिरता सेलला मागे ढकलत असते. त्यामुळे मोकळी फिरणारी मोटर करंट कमी खाते. तीच हातानं धरून थांबवली की हे मागे ढकलणं बंद, कॉइलचा रेझिस्टन्स जेमतेम एखाद-दोन ओहम, सेलमधून धो धो करंट येतो, मोकळ्या मोटरीच्या साधारण दहापट. फिरण्यात काहीच खर्च होत नाही मग सगळ्याची उष्णता होते. म्हणून मोटर जळते ती जास्त पळून नाही, अडकून.

आता शोध कुठे अडकलंय. गाडीतून मोटर बाहेर काढ, दोन स्क्रू किंवा एक क्लिप असेल, आणि नुसत्या मोटरीला सेलच्या वायरी टेकव. फिरली? मग मोटर निर्दोष, दोष गिअरमधे किंवा चाकांच्या आसात. तिथे दहातल्या सहा-सात वेळा (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही) केस सापडतात. लांब केस, दोरा, गालिच्याचे धागे, आसाला इतके घट्ट गुंडाळलेले की प्लॅस्टिकचाच भाग वाटतो. बारीक कात्री आणि चिमटा घेऊन बस, ब्लेड नको.

नाही फिरली तर मोटरची दांडी बोटानं हळूहळू फिरव. एका फेरीत सहा वेळा अडकल्यासारखं लागलं पाहिजे, मोज. आत तीन हातांचं लोखंड आहे आणि बाहेर दोन चुंबक, प्रत्येक हात प्रत्येक चुंबकासमोर आला की थबकतो, तीन दुणे सहा. दांडी हलतच नसेल तर गंज किंवा तिथेही केस. सहज हलतेय पण सेलवर फिरत नाही, तर मग उघडायला हरकत नाही, तशीही कामातून गेलेलीच आहे. मागच्या झाकणाचे दोन वाकवलेले पत्रे सरळ केले की झाकण निघतं. आत बघ, दांडीवर तांब्याचे तीन तुकडे, त्यांच्यामधे बारीक फटी. हा कम्युटेटर. झाकणात दोन पातळ पत्र्या असतात, त्या ब्रश, त्या याच्यावर घासत राहतात आणि प्रत्येक फेरीत करंट या कॉइलकडून त्या कॉइलकडे ढकलतात. घासून घासून काळी भुकटी होते, ती फटीत बसली की तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि सगळा घोळ. टूथपिकनं फटी साफ कर, कानकाडीला थोडं स्पिरिट लावून तांबं पूस, पण तेल अजिबात नको. झाकण लावताना पत्र्या वाकतात, माझ्या पहिल्या मोटरीच्या दोन्ही वाकल्या होत्या, तुझीही वाकली तर वाईट वाटून घेऊ नकोस.

हात तीनच का, दोन का नाहीत, हे तुला विचारतेय. हिंट: दोनच असते आणि दोन्ही बरोब्बर चुंबकांसमोर येऊन थांबले असते तर स्विच लावल्यावर काय झालं असतं?

मॅडम, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात ४० मुलं, तास एक, बिघडलेली खेळणी मिळून ८. हे सगळं घरी एका मुलासाठी ठीक आहे, वर्गात शक्य आहे का? शिवाय अभ्यासक्रम पण संपवायचा असतो.

सर, शक्य आहे पण खरे बिघाड घेऊन नाही. एका तासात खरा बिघाड सापडेलच असं नाही, आणि आठही खेळण्यांचं सेलमुळेच बंद असलेलं निघालं तर पाच मिनिटांत तास संपतो. चालू खेळणी घ्या आणि आदल्या दिवशी तुम्हीच बिघाड घाला. एकात सेल आणि स्प्रिंगच्या मधे कागदाचा कपटा, एकात वायर टोकाशी तुटलेली पण प्लॅस्टिकचं आवरण शाबूत, एकात एक सेल संपलेला, एकात आसाला दोरा. पाच-पाच मुलांचा गट. स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहायच्या, काय दिसतंय, काय वाटतंय, ते कसं तपासणार. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

संपलेल्या सेलवाला गट हमखास फसतो, आणि फसायलाच पाहिजे. नुसता सेल मल्टिमीटरवर १.३ व्होल्टच्या आसपास दाखवतो मग मुलं म्हणतात सेल ठीक आहे. मोटर चालू ठेवून मोजायला सांगा, तोच आकडा धपकन खाली येतो. सेलचा आतला रेझिस्टन्स हा विषय फळ्यावर शिकवायला मला किती तास लागायचे ते आठवून हसू येतं.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर गिअर घ्या, त्यात गणितही निघतं. समजा मोटरवरचं गिअर ८ दात्यांचं, ते ४० दात्यांचं चाक फिरवतं, त्याच आसावर १० दात्यांचं बारकं आणि ते पुन्हा ४० दात्यांचं. पाच गुणिले चार, वीस. मोटरचे २० फेरे, चाकाचा एक, वेग विसाव्या हिश्शावर आणि जोर जवळजवळ वीसपट, घर्षणात जातो तेवढा सोडून. आता जमिनीवर २ मीटरवर खडूची रेघ मारा आणि गाडी सोडा. ५ सेकंद लागले तर सेकंदाला ४० सेंटिमीटर. चाकाचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर परीघ ९.४, म्हणजे चाकाचे सेकंदाला सव्वाचार फेरे, गुणिले २० म्हणजे मोटरचे ८५, मिनिटाला सुमारे ५१००. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मुलांनी खडू आणि घड्याळावर मोजली! मग गाडी उचलून धरा, चाकं हवेत. आवाज चढतो. का चढला ते विचारा आणि घंटा होऊ द्या.

दाते मोजताना मुलांची भांडणं होतात, एका दात्यावर मार्करनं ठिपका देऊन मोजायला लावा.

नमस्कार. नातवाचं जुनं खेळणं उघडलं तर सेलच्या जागेत पांढरी पावडर जमलेली. नातवानं बोट लावलं, मी घाबरून हात धुवायला लावला. ही पावडर विषारी असते का? खेळणं वाचेल का? – एक आजोबा

आजोबा, हात धुवायला लावलात ते बरोबरच केलंत. अल्कलाइन सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते दाहक आहे. सेल संपलेले असताना तसेच पडून राहिले की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि द्रव बाहेर येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची ही पांढरी खर होते, पोटॅशियम कार्बोनेट. सुकलेली खर ओल्या द्रवाइतकी वाईट नाही पण तिच्या खाली ओल असू शकते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा लावूनच काम करायचं, आणि डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली धुवून सरळ डॉक्टर.

साफ करायला जुना टूथब्रश आणि थेंब-दोन थेंब व्हिनेगर. खरीवर थेंब टाकताच फसफसतं, ते नातवाला जरा लांबून दाखवा, बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, हवेतून घेतलेला परत जातोय. फसफसणं थांबलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, पूर्ण वाळवायचं आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायची. स्प्रिंग हिरवी पडून तुटायला आली असेल तर बदलावी लागेल, बाकी खेळणं बहुतेक वाचतं. जुना आणि नवा सेल मिसळून घालू नका, त्यात जुना भरडला जातो आणि हमखास गळतो.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. घरात लहान मूल असेल तर बटण सेलवालं खेळणं त्याच्यासमोर उघडूच नका. गिळलेला बटण सेल घशात अडकला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकतो, सेल संपलेला वाटत असला तरी. नुसता संशय असला तरी सरळ हॉस्पिटल, उलटी काढायला लावायची नाही, वाट बघायची नाही.

सोल्डरिंग कितव्या वर्षी शिकवावं?

वयापेक्षा, गरम इस्त्रीजवळ तुम्ही त्याला एकटं उभं करता का, हे बघा. नसाल तर सोल्डरिंगही नको, तोवर वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप, तेवढ्यावर बऱ्याच गाड्या चालतात. गनचं टोक ३०० डिग्रीच्या वर असतं. शिकवाल तेव्हा शेजारी बसा, खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा, आणि नंतर हात धुणं, बऱ्याच सोल्डरमधे शिसं असतं. भिंतीतल्या प्लगवर चालणारी कुठलीही वस्तू आणि ड्रोनमधला तो चपटा लिथियम सेल, या दोन्हीला मात्र मुलांनी हात लावायचा नाही. फुगलेला लिथियम सेल तर तुम्हीसुद्धा टोचू नका, दाबू नका.

मावशी मी ११ वर्षांची आहे. मोटरला सेल लावला की ती फिरते, मग मोटर मी फिरवली तर करंट येईल का? मी बोटांनी फिरवून एलईडी लावायचा प्रयत्न केला, नाही लागला. दादा म्हणतो असं नसतंच.

दादाला सांग असतं. १८२१ साली मायकेल फॅरेडेनं करंटच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली आणि पुढे तुझाच प्रश्न त्यालाही पडला, उलटं होईल का म्हणून. ते जमायला १८३१ साल उजाडलं. हा फॅरेडे लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा, बांधायला आलेली पुस्तकं वाचून वाचून शिकला.

तुझा एलईडी लागला नाही कारण बोटं फार हळू आहेत. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, तेवढ्यासाठी या मोटरला मिनिटाला काही हजार फेरे हवेत, बोटानं कुठून येणार. मग काय करायचं, गिअर उलटे वापरायचे! मोटर गिअरच्या डब्यासकट घे आणि चाकाकडून फिरव. चाकाचा एक फेरा म्हणजे मोटरचे वीस, काही डब्यांत चाळीस-पन्नास. एलईडी लालच घे, पांढऱ्याला जास्त व्होल्ट लागतात. लागला नाही तर चाक उलट्या दिशेनं फिरव, एलईडीतून करंट एकाच बाजूनं जातो. चाक हातानं फिरतच नसेल तर आत स्क्रूसारखं दिसणारं वर्म गिअर असेल, ते मोटरकडूनच फिरतं, चाकाकडून नाही, त्याच्यावर जोर करू नकोस, दुसरा डबा शोध.

लागला की दादाला बोलाव. मग एलईडी काढून टाक, मोटरच्या दोन वायरी एकमेकींना जोड आणि चाक परत फिरव. आता वायरी सोडून फिरव. हाताला काय फरक लागला ते मला लिहून पाठव, आणि तो का लागला असेल त्यासाठी वर सातवीतल्या मुलाला दिलेलं उत्तर एकदा वाच, त्यातला मागे ढकलण्याचा भाग.